जॉर्ज जेन्सनची चांदी

जॉर्ज जेन्सनला व्हायचे होते शिल्पकार. बाप कोपनहेगनच्या उत्तरेला राडवादच्या सुऱ्यांच्या कारखान्यात धार लावण्याचे काम करी. मुलगा चौदाव्या वर्षी सोनाराकडे उमेदवारीला लागला, पुढे अकादमीत शिल्पकला शिकला. शिल्पे आणि मातीकाम यांवर संसार चालेना, तेव्हा तो चांदीकडे परतला आणि 1904 साली ब्रेडगाडे रस्त्यावर त्याने स्वतःची कार्यशाळा थाटली.

त्याच्या चांदीत शिल्पकाराचा हात दिसतो. 1905 ची चहाची किटली पाहा. झाकणावर मॅग्नोलियाची कळी आहे, पण खरी गंमत अंगावरच्या हातोडीच्या बारीक ठशांत आहे. ते घासून गुळगुळीत केलेले नाहीत. त्यामुळे चांदी डोळे दिपवत नाही, प्रकाश तिच्यावर मऊपणे पसरतो.

जेन्सनचे कौतुक करताना त्याच्या भांड्यांवरची फुले-फळे पुढे केली जातात. माझ्या मते त्याचे मोठेपण दुसरीकडे आहे. त्याने आपल्या शैलीपेक्षा वेगळ्या माणसांना जागा दिली आणि भांड्यांवर त्यांच्याही नावाच्या खुणा उमटू दिल्या. 1906 पासून सोबत असलेला चित्रकार योहान रोड याने 1920 साली एक साधासुधा जग रेखाटला. ना फूल, ना नक्षी, नुसती सलग वळत गेलेली रेषा. तो काळाच्या फार पुढचा वाटला म्हणून 1925 पर्यंत घडवलाच गेला नाही. त्याआधीच जेन्सनचे नाव जगभर झाले होते. 1915 च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनात वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टने मांडलेला बहुतेक सगळा माल विकत घेतला.

1935 साली जेन्सन वारला. संस्थापकाबरोबर अशी घराणी बहुधा आटतात. इथे सर्वोत्तम काम त्याच्या पश्चात झाले आणि त्याचे श्रेय हेनिंग कोपेलला. तोही शिल्पकारच. नाझींच्या काळात त्याला स्वीडनला पळावे लागले. युद्धानंतर परतून तो जेन्सनकडे आला. त्याचा 1952 चा जग एका बाजूने पाहून कळत नाही. पोट एकीकडे फुगते, तिथूनच वर चढत चोच होते, आणि मूठ वेगळी जोडल्यासारखी न वाटता अंगातूनच फुटते. कोपेल हे आकार मातीत घडवी. कारागिरांना ते सपाट पत्र्यातून ठोकून, तापवून, पुन्हा ठोकून उठवावे लागत. एक ठोका चुकला तर वळणाची लय मोडते. नक्षीचा आडोसा नाही, त्यामुळे चूक लपवायला जागाच नाही. विसाव्या शतकात चांदीत याहून धीट काम मी तरी पाहिलेले नाही.

याच सुमारास कंपनीने स्टेनलेस स्टीलही हाती घेतले. युद्धकाळात चांदीची टंचाई होती, आणि नंतर ज्यांना चांदी परवडत नव्हती त्यांच्याही टेबलावर चांगला काटा-चमचा आला. हा निर्णय योग्यच होता.

गेल्या पन्नास वर्षांचे चित्र मात्र उणे आहे. 1972 मध्ये रॉयल कोपनहेगन या पोर्सेलीन बनवणाऱ्या संस्थेने कंपनी घेतली. पुढे मालकी गुंतवणूकदारांकडे गेली आणि 2023 मध्ये फिनलंडच्या फिस्कार्सने सुमारे 15 कोटी युरोंना ती विकत घेतली. मालक बदलले म्हणून कला मेली असे नाही. दुखणे हे आहे की रोड, कोपेल आणि कंपनीचाच एक जुना रचनाकार सिगवार्ड बर्नाडोट यांचेच नमुने पुन्हा पुन्हा विकले जातात आणि नवे नाव आले की ते बाहेरचे, आधीच गाजलेले असते. रचनाकार मार्क न्यूसनचा 2015 चा चहाचा संच उत्तम आहे; कारागिरांचे कसब टिकून असल्याची ती साक्ष आहे. पण न्यूसन आला तो पाहुणा म्हणून. कोपेल 1981 साली वारला तोवर याच कंपनीसाठी रेखाटत होता, पस्तीसेक वर्षे. तरुण कलाकाराला एवढी वर्षे कारागिरांच्या शेजारी बसू देणारी कंपनी आज हवी आहे, आणि ते करायला पैशापेक्षा धीर जास्त लागेल.