‘स्वतंत्र’ ध्वनिमुद्रिका-संस्था आणि मराठी बोली : एका संज्ञेची चिकित्सा

विसाव्या शतकातील ध्वनिमुद्रण-व्यवसायासंबंधी जे लेखन उपलब्ध आहे, त्यात ‘स्वतंत्र कंपनी’ ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाते. तिचा उगम अमेरिकेतील व इंग्लंडमधील संगीतव्यवसायात आहे. शिकागो येथील चेस किंवा १९५२ मध्ये मेम्फिस येथे निघालेली सन या संस्था तिची ठळक उदाहरणे होत. मूठभर बड्या कंपन्यांच्या बाहेर राहून, बड्यांनी ज्यांच्याकडे लक्ष दिले नाही अशा गायकांचे मुद्रण करणारी छोटी संस्था, असा या संज्ञेचा तेथील अर्थ आहे. ही व्याख्या जशीच्या तशी मराठी प्रदेशाला लावली, तर दोन अडचणी उभ्या राहतात. येथे बडी कंपनी बहुतेक काळ एकच होती. आणि तिच्या बाहेरच्या म्हणून ज्या दाखविल्या जातात त्यांपैकी कित्येक प्रत्यक्षात तिच्या आतल्याच होत्या. भाषेच्या अभ्यासकाला या प्रश्नात लक्ष घालावेसे वाटते ते एका निराळ्या कारणासाठी. कोणती मराठी ध्वनिमुद्रित झाली आणि कोणती झाली नाही, हे या व्यवसायाच्या रचनेवर अवलंबून होते.

प्रथम सामान्य श्रोत्याच्या शब्दांकडे पाहू. ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द छापील. बोलण्यात ‘तबकडी’, ‘प्लेट’ आणि ‘रेकॉर्ड’. कंपनीसाठी मात्र बोलण्यात निराळा शब्द फारसा नव्हता. होती ती ‘छाप’. काडेपेटी, विडी, चहा यांच्याप्रमाणेच रेकॉर्डही चित्रावरून ओळखली जाई, आणि कुत्र्याचे चित्र म्हणजे एच. एम. व्ही. हे निरक्षर ग्राहकालाही ठाऊक होते. ‘छाप’ या शब्दाने मालाची ओळख पटते, मालकाची पटत नाही. आपल्या संगीतेतिहासकारांनीही पुष्कळदा छापेवरूनच मालकी ठरविली, असे म्हणावे लागते.

ओडियन छापेचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गायस्बर्ग यांनी १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास मुद्रणे केली, आणि १९०८ मध्ये कंपनीचा कारखाना सियालदहला निघाला. त्याच दशकात निकोल, बेका, पाथे, ओडियन अशा यूरोपीय कंपन्यांनीही या देशात मुद्रणे केली. या अर्थाने पहिले दशक खऱ्या चढाओढीचे होते. परंतु पुढे जर्मनीतील लिंडस्ट्रॉम संस्था, जिच्याकडे ओडियन, बेका व पार्लोफोन या छापा होत्या, इंग्लंडच्या कोलंबिया कंपनीकडे गेली. आणि १९३१ मध्ये कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ई. एम. आय. ही संस्था स्थापन झाली. म्हणजे १९३४ ते १९३६ या काळात मुंबईच्या रूबी रेकॉर्ड कंपनीमार्फत ओडियनसाठी अब्दुल करीम खाँसाहेबांची जी सुप्रसिद्ध मुद्रणे झाली, ती कुत्रा छापेच्या प्रतिस्पर्ध्याची होती असे समजणे चुकीचे आहे. घराणे एकच, अंगण वेगळे. याच मुद्रणांच्या आवृत्त्या पुढे कोलंबिया छापेवर निघाल्या, यात मग आश्चर्य उरत नाही.

याचा अर्थ रूबी कंपनीचे काम कमी मोलाचे होते असा नव्हे. खाँसाहेबांचा आवाज विद्युत्-मुद्रणाच्या काळात टिपला गेला, हे एका स्थानिक व्यापाऱ्याने पत्करलेल्या जोखमीमुळे. प्रस्तुत लेखकाच्या मते, आपल्याकडे स्वातंत्र्य शोधावयाचे ते भांडवलात नव्हे, तर निवडीत. कोणाला गावयास लावावे, कोणते पद घ्यावे, हे जो ठरवितो त्याच्या हाती किती सत्ता होती, हे पाहावयास हवे. कलकत्त्यातील मेगाफोन व हिंदुस्थान या १९३२ च्या सुमाराच्या छापांचीही स्थिती हीच. गायकांची निवड त्यांची. तबकड्या दाबून निघत त्या ग्रामोफोन कंपनीच्या डमडम येथील कारखान्यात.

या पार्श्वभूमीवर मुंबईची नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी वेगळी उठून दिसते. १९३५ मध्ये निघालेल्या या कंपनीचा वडाळ्यास स्वतःचा कारखाना होता, आणि ‘यंग इंडिया’ ही तिची छाप. १९५५ च्या सुमारास ती बंद पडली. मुद्रण, उत्पादन आणि विक्री ही तिन्ही अंगे एका स्वदेशी संस्थेच्या हाती असण्याचे उदाहरण मराठी प्रदेशात त्या काळी दुसरे दाखविता येणार नाही. नाव मात्र इंग्रजी, आणि तेही गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण करून देणारे. स्वदेशी माल इंग्रजी नावाने खपविण्याची ही रीत आपल्या व्यापारात आजही आढळते.

नामवंत गायक बड्या कंपनीशी करारबद्ध असल्यामुळे ‘यंग इंडिया’ला नवोदितांवर व हौशी गायकांवर भिस्त ठेवावी लागली. संगीत-समीक्षक यास कमतरता मानतात. भाषाभ्यासकास ते तसे मानता येत नाही. शिकलेला, रुळलेला गायक आपले उच्चार घासून-पुसून घेतो. हौशी गायकाच्या तोंडी घरचा ‘च’ आणि घरचा ‘ळ’ राहून जातो. तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्या बाजूवर, गाण्याच्या दृष्टीने सामान्य असलेल्या मुद्रणातही, उच्चाराचा पुरावा सापडण्याचा संभव अधिक.

बड्या कंपनीच्या बाजूचे आपल्याकडील सर्वांत वाचनीय लेखन म्हणजे गो. ना. उपाख्य जी. एन. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’. भावगीताच्या आरंभीच्या गायकांपैकी एक असलेले जोशी १९३८ पासून एच. एम. व्ही.च्या मुद्रण-विभागात अधिकारी होते. अबोल, मानी, प्रसंगी मुद्रणाच्या विरोधात असलेल्या कलावंतांना यंत्रासमोर आणण्याचे त्यांचे कौशल्य या पुस्तकात पानोपानी दिसते, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. परंतु हा इतिहास एका खुर्चीवरून पाहिलेला आहे. त्या खुर्चीसमोर जे आले ते दिसते. दाराबाहेर जे थांबले, किंवा ज्यांना दार कोठे आहे हेच ठाऊक नव्हते, ते दिसत नाहीत. जोशींना याबद्दल दोष देणे अन्यायाचे होईल, कारण आठवणी लिहिणाऱ्याने आठवणीच लिहावयाच्या. दोष आहे तो या आठवणींनाच व्यवसायाचा इतिहास मानून चालणाऱ्या नंतरच्या लेखकांचा. ‘नाट्यगीत, भावगीत, भक्तिगीत, लावणी’ हे वर्गीकरण त्यांनी विक्रेत्याच्या सूचीतून उचलले आणि मराठी गाण्याचे स्वाभाविक प्रकार म्हणून मांडले. या वर्गीकरणात ठाणे जिल्ह्यातील लग्नविधीचे गाणे कोठे बसते ?

हा प्रश्न केवळ वादासाठी विचारलेला नाही. कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्यापुढे खडवली हे स्थानक लागते. भातसा नदीच्या काठचे हे गाव आणि त्याच्या भोवतालचा पट्टा बोलींच्या दृष्टीने मोठा संपन्न आहे. आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी या बोली येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये निघालेल्या सातव्या खंडात यांपैकी अनेकींची दखल आहे. पुढे १९१३ पासून याच सर्वेक्षणासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातील भाषा-बोलींची दोनशेहून अधिक मुद्रणे तबकड्यांवर करण्यात आली. पुष्कळांत उधळ्या पुत्राची बायबलातील कथाच सांगितलेली आहे. म्हणजे सरकारने बोली मुद्रित केली ती परक्या कथेत, आणि बाजाराने गाणे मुद्रित केले ते प्रमाण भाषेत. बोली आपल्याच गाण्यात मुद्रित व्हावी, ही गोष्ट तबकडीच्या युगात क्वचितच घडली.

ती विपुल प्रमाणात घडली कॅसेटच्या युगात. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली कॅसेट आपल्याकडे पसरली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून. आखातातून परतणाऱ्यांनी आणलेली यंत्रे, आयातीच्या सैल झालेल्या अटी आणि उत्पादनाचा अल्प खर्च ही त्याची कारणे होत. तबकडीला कारखाना लागे ; कॅसेटला एक खोली पुरे. पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानच्या आधारे असा सिद्धान्त मांडला की, या स्थित्यंतराने एकाधिकार मोडला आणि प्रादेशिक गाण्याला वाचा फुटली. ग्रंथ मोलाचा आहे, आणि लेखकाने दुसरी बाजूही झाकलेली नाही. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातील तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या आवाजांत काढण्याचा जो धंदा चालला, त्यातून एकाधिकार मोडणारेच नवे मक्तेदार झाले. मराठीपुरते बोलावयाचे तर ‘वाचा फुटली’ हे विधान तपासून घ्यावे लागेल.

कल्याणात वास्तव्य असलेले प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण घ्या. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते एकाच कंठातून महाराष्ट्रभर गेली, ती बड्या कंपनीच्या तबकड्यांवरून आणि नंतर कॅसेटींवरून. त्यांच्या आवाजाला वाचा फोडण्यास कॅसेटची गरज नव्हती. कॅसेटने केले ते इतकेच की, गाणे जेथे गायिले जाई त्या वस्तीत, जयंतीच्या मंडपात, देवस्थानाबाहेरच्या दुकानात ते विकतही मिळू लागले. हा बदल लहान नव्हे, पण तो वितरणाचा आहे.

आगरी-कोळी कॅसेटींची गोष्ट निराळी. येथे बोली खरोखरच नव्याने मुद्रित झाली. तथापि कोणती आगरी ? खडवली-भिवंडीच्या बाजूच्या बोलण्यात ‘घोडा’चा ‘घोरा’, ‘काळा’चा ‘काला’, ‘पाणी’चे ‘पानी’ होते, हे सर्वश्रुत आहे. बाजारातील बऱ्याच गाण्यांत नेमकी हीच लक्षणे अट्टाहासाने आणलेली दिसतात. क्रियापदांची रूपे, सर्वनामे आणि वाक्याची ठेवण मात्र प्रमाण मराठीची, किंवा चित्रपटातील मराठीची. ‘गाडी’ची ‘गारी’ केली की आगरी झाली, असा हा हिशेब आहे. शेजारच्यास ओळखू येतील तेवढ्याच खुणा ठेवावयाच्या, ही बाजाराची रीत. आणि ती छोटी संस्था असो वा मोठी, दोघींना सारखीच लागू पडते. आकाराने लहान म्हणून संस्था बोलीशी प्रामाणिक, हे गृहीत टिकत नाही.

आगरी लग्नातील धवला याचा पडताळा देतो. धवलारीण ही केवळ गायिका नव्हे. विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. हळदीपासून पुढच्या एकेका कृत्याला त्याचे त्याचे गाणे आहे, आणि कृत्य संपेपर्यंत ते चालते. कॅसेटची एक बाजू साधारणपणे तीस मिनिटांची. तबकडीच्या मानाने ही मुभा दसपट, आणि धवल्याला ती उपकारक ठरावयास हवी होती. प्रत्यक्षात त्या तीस मिनिटांत ढोलकीच्या ठेक्यावरची पाच-सहा छोटी गाणी बसविण्यात आली. यंत्राने दिलेली सवड व्यवसायाने नाकारली. ज्या थोड्या कॅसेटींत वयस्क धवलारणींचे गाणे फारशा वाद्यांवाचून आले आहे, तेथे शब्दरूपे जुनी, वाक्ये लांब आणि स्वर आखूड राहतात. अशा कॅसेटी रंजनाच्या दृष्टीने कंटाळवाण्या वाटतील. व्याकरणकाराला त्या अमोल आहेत.

न्याय म्हणून दुसरे उदाहरणही नोंदविले पाहिजे. पुण्याच्या सुरेश अलूरकर यांच्या अलूरकर म्यूझिक हाउसने शरच्चंद्र आरोलकरांसारख्या, बाजाराला फारशा ठाऊक नसलेल्या गायकांची मुद्रणे काढली, आणि तीस मिनिटांचा उपयोग तीस मिनिटांसारखा केला. निवड करणारा माणूस जाणता असला म्हणजे छोट्या संस्थेला काय साधते, ते येथे दिसते. शिष्ट संगीताला असा जाणता लाभला. बोलीला लाभला नाही.

जतनाच्या बाबतीत तर तुलना क्लेशदायक आहे. न्यूयॉर्क येथे १९४८ मध्ये मोझेस ॲश यांनी काढलेल्या फोकवेज संस्थेच्या दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिका १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेकडे गेल्या, त्या एकही शीर्षक बंद पडू द्यावयाचे नाही या अटीवर. आपल्याकडे सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मुंबईतील संस्थेने १९९० पासून तबकड्यांच्या सूचीचे काम नेटाने केले, आणि ‘यंग इंडिया’विषयी आज जे काही निश्चित सांगता येते त्याचे श्रेय बव्हंशी सुरेश चांदवणकर व मायकेल किनियर यांना आहे. कॅसेटींच्या वाट्याला असे सूचीकार आलेले नाहीत. त्यांच्या वेष्टनावर वर्ष नसते, गावाचे नाव नसते ; गायिकेच्या नावापुढे ‘आणि मंडळी’ असे लिहिले की काम संपते. चुंबकीय फीत दमट हवेत फार वर्षे टिकत नाही, आणि भातसेच्या काठची हवा दमट आहे. घराघरांतील माळ्यावर असलेल्या या फिती गोळा करताना वेष्टनाइतकीच चौकशी, कोणाच्या लग्नात कोणती धवलारीण गायली आणि ती कोणत्या गावची, याची करावी लागेल. कारण ही माहिती आज केवळ त्या घरांतील वृद्ध स्त्रियांपाशी आहे.