महाप्रस्थानातील श्वान : एक पुनर्विचार

कुटुंबाचा प्रवास, सोबतीला एक मुका प्राणी आणि शेवटी निष्ठेचे फळ, अशा हृद्य कथांचा आद्य नमुना महाभारतातील महाप्रस्थानात सापडतो. कामठीच्या वर्गात ही कथा वाचली की विद्यार्थ्यांचे मन प्रथम त्या कुत्र्याकडे धावते. हा ओढा स्वाभाविक होय. परंतु तेथेच थांबल्यास कथेचे मर्म हातून निसटते.

अवघ्या तीन अध्यायांच्या या सतराव्या पर्वात पाच पांडव व द्रौपदी निघतात आणि एक कुत्रा त्यांच्यामागे चालू लागतो. द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन व भीम क्रमाने कोसळतात. युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगतो आणि मागे न पाहता पुढे जातो. हाच पुरुष पुढे कुत्र्यासाठी इंद्राचा रथ नाकारतो. भावांना व पत्नीला सोडलेस, मग कुत्र्यालाच का सोडीत नाहीस, हा इंद्राचा प्रश्न मार्मिक आहे. मृतांना मी उठवू शकत नव्हतो, जिवंतपणी मी त्यांना सोडले नाही, असे युधिष्ठिर सांगतो. या उत्तराला संहितेतच बाध येतो. भीम पडल्यावरही हाक मारून आपल्या पतनाचे कारण विचारतो. म्हणजे तो तेव्हा जिवंत होता.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. मूळ कथेला स्वतःची भर घालीत असल्याचे स्पष्ट सांगून त्यांनी मरणोन्मुख द्रौपदीजवळ भीमाला आणले आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो, असे तिच्या मुखी घातले. द्रौपदीला दुसरी संधी मिळते ती जन्मांतराच्या इच्छेत.

व्यासांनी मात्र ती संधी युधिष्ठिराला याच कथेत दिली आहे. स्वर्गारोहणपर्वात नरकाच्या दुर्गंधीने त्रासून तो परत फिरतो, तोच स्वकीयांचे करुण स्वर त्याच्या कानी येतात. या वेळी तो थांबतो, आणि स्वर्ग सोडून तेथेच राहण्याचे ठरवितो. श्वानरूपी धर्माने घेतलेली परीक्षा तो सहज उतरला होता. कारण कुत्र्याने त्याला कधी प्रश्न विचारला नव्हता. आप्तांची हाक ऐकून थांबणे त्याहून अवघड होते. म्हणून श्वानप्रसंग हा या कथेचा शेवट न मानता तिचा मध्य मानावा, असे आमचे मत आहे.