'हे ऐका' म्हणण्याची जबाबदारी

नव्या बँडची ओळख आपल्याला कोण करून देतं, हा आजचा प्रश्न. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं इंडी रॉककडे कशाला वळलो, असं काहींना वाटेल. त्याचं कारण सांगतो. इंडी म्हणजे मुळात इंडिपेंडंट. बड्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलांवर निघणारं संगीत. जाहिरातीला पैसा नसतो. कुणीतरी 'हे ऐका' म्हणतं, तेव्हाच ते पोहोचतं. म्हणून रुचीचा प्रश्न इथे अगदी उघडा दिसतो.

ब्रिटनमध्ये हे काम जॉन पील यांनी केलं, १९६७ साली बीबीसी रेडिओ वन सुरू झालं तेव्हापासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत. एक प्रसंग घेऊ. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीच्या 'द अंडरटोन्स' या पोरसवदा बँडचं 'टीनेज किक्स' हे गाणं १९७८ मध्ये 'गुड व्हायब्रेशन्स'नं काढलं. हे लेबल बेलफास्टमधल्या टेरी हूली यांच्या रेकॉर्डच्या दुकानातून चालायचं. पील यांनी ते गाणं लागोपाठ दोनदा वाजवलं. आता बघा, दुसऱ्या खेपेत नवी माहिती काहीच नव्हती. तरी ऐकणाऱ्याला काहीतरी सांगितलं गेलं: या गाण्यामागे मी उभा आहे.

इथे कांट आठवतो. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे मराठी वाचकाला तो परका नाही. 'मला हे रुचतं' आणि 'हे सुंदर आहे' या दोन विधानांत कांट फरक करतो. पहिलं आपल्यापुरतं, कुणाला कारलं आवडतं, कुणाला नाही, वाद संपला. दुसऱ्यात मात्र इतरांच्या संमतीची अपेक्षा असते. ते सिद्ध करता येत नाही, पण त्यावर वाद घालता येतो. दोनदा वाजवलेलं गाणं हे या दुसऱ्या जातीचं विधान आहे.

आता स्पॉटिफायचं 'डिस्कव्हर वीकली' घ्या. २०१५ पासून दर सोमवारी तीस गाणी आपल्यासमोर येतात. आपल्यासारखं ऐकणाऱ्यांनी कोणती गाणी एकत्र ठेवली, यावरून ती निवडली जातात. सोय मोठी आहे, नाकारायचं कारण नाही. पण ही यादी गाण्याबद्दल काहीच म्हणत नाही. आपल्याबद्दल अंदाज बांधते. गाणं सुमार निघालं तर भांडायचं कुणाशी? पुढच्या सोमवारी नवी तीस हजर!

यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे: एका माणसाच्या कानावर इतक्या बँडचं भवितव्य का टांगायचं? त्यांना न आवडलेल्या बँडला दुसरी दारं थोडीच होती. पण ही सत्ता उघड्यावर होती, हेही पाहायला हवं. १९७६ पासून श्रोते मतं देऊन वर्षअखेरीला 'फेस्टिव्ह फिफ्टी' ही यादी ठरवत. ती पील यांना नेहमी पटायचीच असं नाही, तरी ते ती वाजवत. शिवाय रेकॉर्ड वाजवण्याच्या तासांवर संगीतकारांच्या युनियनशी झालेल्या करारानं मर्यादा होती. म्हणून बँडना मेडा व्हेलच्या स्टुडिओत बोलावून, बहुधा एका दिवसात, चारेक गाणी ध्वनिमुद्रित करून घेत. 'द फॉल' या बँडला अशी चोवीस सत्रं मिळाली. इतकी वर्षं एका आवडीला धरून राहिलेल्या माणसाला जाब विचारता येतो.

आमच्या मते धोका गाणी न सापडण्याचा नाही, ती ढिगानं सापडतात. धोका आहे तो निर्णय देण्याची सवय मोडण्याचा. नुसतं 'लाइक' करून आपण रसिक होत नाही. आपल्याकडे सहृदय म्हणतात तो दुसऱ्याबरोबर अनुभव वाटून घेऊ शकतो, आणि त्यासाठी आधी स्वतःची बाजू घ्यावी लागते.

तेव्हा एक साधी सूचना. मित्राला गाण्याची लिंक पाठवाल तेव्हा सोबत एक वाक्य लिहा: यात काय चांगलं आहे आणि का. समोरच्याला 'मला नाही पटलं' म्हणता येईल इतकं ते स्पष्ट असावं. तो तसं म्हणाला, तर बोलणं सुरू झालं असं समजा.