रंगाचा अर्थ आणि रंगाचे काम

ग्राहकाच्या मनावर रंगाचा परिणाम होतो, याविषयी आज फारसे दुमत नाही. मतभेद आहेत ते हा परिणाम नेमका कोठून येतो, तो कितपत टिकतो आणि एका ठिकाणी आढळलेला परिणाम दुसऱ्या ठिकाणी गृहीत धरता येतो का, याविषयी. डिझाइन आणि विपणन या क्षेत्रांतील रंगविषयक लेखन पाहिले तर त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. पहिला प्रवाह कोष्टकांचा आहे; त्यात लाल म्हणजे उत्साह, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, जांभळा म्हणजे ऐश्वर्य असे अर्थ ठामपणे नेमून दिलेले असतात आणि तेच पुस्तकांतून, प्रशिक्षणवर्गांतून व जाहिरात संस्थांच्या सादरीकरणांतून फिरत राहतात. दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतील संशोधनाचा आहे. तो अधिक सावध आहे आणि गेल्या काही वर्षांत त्याने स्वतःचेच अनेक निष्कर्ष मागे घेतले किंवा सौम्य केले आहेत. व्यवहारात चलती आहे ती पहिल्या प्रवाहाची, आणि रंगाच्या कलेच्या आजच्या स्थितीतील मुख्य दोष तोच आहे.

एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. ग्राहक वस्तूविषयीचे पहिले मत ९० सेकंदांत बनवतो आणि त्या मतातील ६२ ते ९० टक्के भाग केवळ रंगावर अवलंबून असतो, हे विधान या विषयावरील असंख्य लेखांत आढळते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यवस्थापनविषयक लेखामुळे ते सर्वदूर पसरले; परंतु प्रयोगात कोण सहभागी होते, त्यांना कोणत्या वस्तू दाखवल्या गेल्या आणि रंगाचा वाटा इतर घटकांपासून वेगळा कसा काढला गेला, याचा तपशील त्या विधानासोबत येत नाही. ज्या आकड्याची पद्धत तपासता येत नाही त्यावर ब्रँडची रंगसंगती ठरावी, ही गोष्ट कोणत्याही गंभीर व्यवसायाला भूषणावह नाही.

रंगाच्या परिणामाविषयीच्या विचाराची मुळे जुनी आहेत. न्यूटनने १७०४ च्या आपल्या ग्रंथात रंग हा प्रकाशाचा गुणधर्म म्हणून मांडला, तर गटेने १८१० साली रंगाच्या अनुभवाकडे, म्हणजे तो पाहणाऱ्याच्या मनात काय घडवतो याकडे लक्ष वेधले. विसाव्या शतकात अमेरिकेत फेबर बिरेन यांनी कारखाने व कार्यालये यांच्यासाठी रंगसल्लागार हा व्यवसायच उभा केला. लुई चेस्किन यांनी संवेदनांच्या स्थलांतराची कल्पना मांडली. तिचा आशय असा की वेष्टनाने दिलेली जाणीव ग्राहक नकळत आतील वस्तूवर लादतो आणि वेष्टन बदलले की त्याला वस्तूच बदलल्यासारखी वाटते. मूळच्या पांढुरक्या मार्गारीनला पिवळा रंग दिल्यावर ते लोण्यासारखे वाटू लागते, हे दुग्धव्यावसायिकांनी तर त्याआधीच ओळखले होते. त्यांच्या दबावामुळे अमेरिकेत रंगीत मार्गारीनवर विशेष कर होता, तो १९५० साली रद्द झाला आणि विस्कॉन्सिन राज्यातील बंदी तर १९६७ पर्यंत टिकली. रंगाच्या सामर्थ्याचा याहून सबळ पुरावा शोधावा लागत नाही. मात्र हे सामर्थ्य पिवळ्या रंगाच्या अंगचे नव्हते. लोणी पिवळे असते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या रंगामागे उभा होता.

हाच धागा प्रयोगांतही दिसतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधील एका प्रयोगात बोर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना वासविरहित रंग मिसळून लाल केलेली पांढरी वाइन देण्यात आली, तेव्हा त्यांनी तिच्या गंधाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. प्रशिक्षित नाकालाही डोळ्यांनी मागे टाकले, कारण त्या डोळ्यांना कशाची अपेक्षा करायची ते शिक्षणाने शिकवले होते. याउलट, रंग थेट मनोवृत्तीवर किंवा शरीरावर काम करतो असे सांगणारे निष्कर्ष फारसे टिकलेले नाहीत. १९७९ साली अलेक्झांडर शॉस यांच्या सूचनेवरून सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या बंदिगृहातील कोठडी एका विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवण्यात आली आणि त्यामुळे आक्रमकता घटते असे जाहीर झाले. त्यानंतर अनेक तुरुंगांनी तो रंग स्वीकारला, परंतु स्वित्झर्लंडमध्ये काटेकोर तुलना करून पाहिल्यावर तसा परिणाम दिसला नाही. २००९ साली रवी मेहता आणि रुई झू यांनी लाल पार्श्वभूमीमुळे बारकाव्यांच्या कामात आणि निळ्या पार्श्वभूमीमुळे कल्पक कामात मदत होते असे मांडले. २०१४ साली केनेथ स्टील यांनी त्यातील एक प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम आढळला नाही. एकदा मिळालेला निष्कर्ष त्याच पद्धतीने पुन्हा मिळतो का, हे पाहण्याला पुनरावृत्ती म्हणतात आणि रंगाच्या मानसशास्त्रातील अनेक गाजलेले दावे या कसोटीवर उणे ठरले आहेत.

अशा अपयशांमागे एक तांत्रिक कारणही आहे. कोणत्याही रंगाला तीन परिमाणे असतात. पहिले वर्ण, म्हणजे तो तांबडा आहे की निळा. दुसरे उजळपणा, म्हणजे तो पांढऱ्याकडे झुकतो की काळ्याकडे. आणि तिसरे संपृक्तता, म्हणजे तो किती भडक व भरलेला किंवा किती फिका व राखट आहे. जुन्या प्रयोगांत भडक लालाची तुलना सौम्य निळ्याशी केली जाई आणि जो फरक दिसे तो वर्णाच्या नावावर जमा होई. १९९४ साली वाल्देझ आणि मेहराबियन यांनी ही परिमाणे वेगळी करून पाहिली तेव्हा भावनांवरील परिणाम वर्णापेक्षा उजळपणा आणि संपृक्तता यांच्याशी अधिक सातत्याने जोडलेला आढळला. कोष्टके मात्र आजही केवळ वर्णाविषयीच बोलतात. डाळिंबी, राणी, कुसुंबी आणि विटकरी या छटांमध्ये साडीच्या दुकानातील साधा विक्रेताही जो भेद करतो, तो विपणनाच्या पुस्तकातील ‘लाल’ या एका रकान्यात नाहीसा होतो.

याचा अर्थ रंगांच्या अर्थांत काहीच समान नाही असा नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ३० देशांतील ४,५९८ व्यक्तींच्या अभ्यासात रंगांची नावे आणि भावना यांच्या जोड्यांमध्ये देशोदेशी मोठे साम्य आढळले. मात्र भाषा व भूगोल यांनी जवळ असलेल्या देशांत ते साम्य अधिक होते. स्टीफन पामर आणि कॅरन श्लॉस यांनी २०१० साली मांडलेला सिद्धांत या दोन्ही गोष्टींचा मेळ घालतो. त्यांच्या मते माणसाला तो रंग आवडतो ज्या रंगाच्या वस्तू त्याला आवडतात. निरभ्र आकाश व स्वच्छ पाणी सर्वांनाच प्रिय असल्याने निळा बहुतेकांना आवडतो, तर ज्या वस्तूंशी समाजासमाजाचे नाते वेगळे असते त्यांच्या रंगांची आवडही वेगळी होते. अ‍ॅन्ड्र्यू एलियट आणि मार्कस मायर यांनीही रंगाचा परिणाम संदर्भानुसार बदलतो, हाच आपल्या मांडणीचा गाभा मानला आहे.

महाराष्ट्रातील रंगव्यवहार या मांडणीला भरभक्कम आधार देतो. भारतात पांढरा म्हणजे शोक, असे परदेशी कोष्टकांत हमखास लिहिलेले असते. पण पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याचा पांढरा वेश शोकाचा नसतो. काळा अशुभ मानणारे घर संक्रांतीला काळी चंद्रकळा कौतुकाने नेसते आणि नव्या सुनेच्या अंगावरचे हलव्याचे पांढरे दागिने त्या काळ्यावरच उठून दिसतात. नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा तर याहून बोधप्रद आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्र टाइम्स या दैनिकाच्या उपक्रमातून ती रुजली आणि रंग ठरले ते वारांवरून: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी करडा. पाहता पाहता कार्यालये, शाळा आणि लोकलचे महिला डबे एका रंगात न्हाऊ लागले आणि कापडबाजारानेही त्यानुसार माल भरण्यास सुरुवात केली. एरवी उदास ठरवला गेलेला करडा रंग त्या एका दिवशी सणाचा रंग होतो. सामूहिक सवय एका पिढीच्या आत रंगाला नवा अर्थ देऊ शकते, हे यातून सिद्ध होते. ही किमया करड्या रंगाची नसून सर्वांनी मिळून तो नेसण्याची आहे.

बाजारात रंग प्रत्यक्षात जी कामे करतो ती मुख्यतः तीन आहेत. पहिले काम ओळख पटवण्याचे. २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या कोलगेट विरुद्ध अँकर या खटल्यात दंतमंजनाच्या डब्यावरील लाल आणि पांढरा या दोन रंगांचा क्रम व त्यांचे प्रमाण वादाचा विषय होते. न्यायालयाने एखाद्या सुट्या रंगावर कोणाची मक्तेदारी मानली नाही; पण अशिक्षित किंवा घाईत असलेला ग्राहक अक्षरांऐवजी वेष्टनाच्या एकूण रूपावरून वस्तू ओळखतो, हे मान्य करून त्या रंगसंगतीला तात्पुरत्या मनाईहुकुमाद्वारे संरक्षण दिले. या ओळखीला धक्का लावण्याची किंमत कोका-कोलाने २०११ साली अनुभवली. हिवाळ्यासाठी काढलेले पांढरे डबे पाहून अनेक ग्राहकांचा डाएट प्रकाराशी गोंधळ झाला आणि कंपनीला लवकरच लाल डब्यांकडे परतावे लागले. पांढरा रंग तेथे वाईट नव्हता, तो त्या वस्तूचा नव्हता.

दुसरे काम अनुरूपतेचे, म्हणजे रंग त्या वस्तूला शोभतो असे वाटण्याचे. कपड्यांच्या पावडरीतील निळे कण याचे चांगले उदाहरण आहेत. पांढरे कापड वापराने पिवळसर होते आणि निळीचा अंश तो पिवळेपणा झाकतो, हे प्रकाशशास्त्रातील साधे सत्य आहे. घरोघरी नीळ वापरण्याच्या दीर्घ सवयीमुळे निळा आणि स्वच्छता यांची गाठ पक्की झाली. तिसरे काम उठावाचे. हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ साली दाखवले की सारख्या वस्तूंच्या रांगेतील वेगळी वस्तू अधिक लक्षात राहते. संकेतस्थळावर लाल बटण हिरव्यापेक्षा अधिक दाबले गेले अशा बातम्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते. सभोवतालचे पान हिरवे असेल तर लाल उठून दिसणारच, आणि पान लाल असेल तर हिरवा.

या तिन्ही कामांना आणखी एक भौतिक मर्यादा आहे, आणि तिचा विचार फार कमी होतो. दोन रंग एका दिव्याखाली एकसारखे आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. साडीला ब्लाउजपीस जुळवताना मॅचिंग सेंटरच्या ट्यूबलाइटवर विसंबून न राहता ग्राहक स्त्री कापड दाराशी, उन्हाच्या उजेडात नेऊन पाहते, ते याच अनुभवाने. वेष्टनाची रंगसंगती मात्र स्टुडिओतील पडद्यावर मंजूर होते आणि मग स्वस्त छपाईतून, चमकदार प्लास्टिकवरून, किराणा दुकानाच्या मंद प्रकाशात लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेत पोहोचते. ज्या छटेवर महिनोन्‌महिने चर्चा झाली ती छटा ग्राहकाच्या डोळ्यांपर्यंत जातच नाही.

रंग जेथे केवळ मोह घालत नाही तर माहिती देतो, तेथे या उणिवा गंभीर होतात. रंगांधळेपणाचे प्रमाण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आहे आणि इतर समाजांतही ते नगण्य नाही. अशा व्यक्तींना हिरवा आणि तपकिरी यांतील भेद अनेकदा कळत नाही. भारतातील खाद्यपदार्थांवर शाकाहारासाठी हिरवा आणि मांसाहारासाठी तपकिरी ठिपका होता, तो भेद केवळ रंगावर उभा होता. २०२० च्या नियमांनी मांसाहारासाठी ठिपक्याऐवजी तपकिरी त्रिकोण आणला, हे स्वागतार्ह पाऊल आहे. कीटकनाशकांच्या डब्यांवर मात्र विषाची तीव्रता आजही चार रंगांनी सांगितली जाते: लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य विष. टोकावर उभ्या केलेल्या चौकोनाच्या वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द आणि खालच्या अर्ध्या भागात रंग, अशी त्याची रचना आहे. ज्या बाजाराने निळ्याला विश्वासाचा आणि हिरव्याला आरोग्याचा रंग म्हणून वर्षानुवर्षे बिंबवले, त्याच बाजारात हे दोन रंग विषाच्या डब्यावर येतात, आणि हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असा समज होण्यास पूर्ण वाव राहतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. पण डब्यावरील खूण वापरणाऱ्याला खरोखर कळते का, हा प्रश्न तिच्यानंतर तरी टाळता येत नाही.

एकंदरीत पाहता, रंगाची कला आज हाताने प्रगत आणि विचाराने मागे आहे. तिच्याजवळ छपाईचे, पडद्यांचे आणि मोजमापाचे सामर्थ्य पूर्वी कधी नव्हते इतके आहे; परंतु रंगाचा अर्थ रंगातच साठवलेला असतो ही भाबडी समजूत तिने अजून सोडलेली नाही. मुंबईतील ज. जी. उपयोजित कला संस्था, आयआयटी मुंबईतील डिझाइन विभाग आणि राज्यातील इतर कलामहाविद्यालये यांनी परदेशी कोष्टके पाठ करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना किराणा दुकानात, कृषी सेवा केंद्रात आणि शेताच्या बांधावर पाठवावे, तयार केलेली खूण प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना दाखवून त्यांना काय समजले ते नोंदवावे आणि त्या नोंदी मराठीत प्रसिद्ध कराव्यात. अशा तपासणीची सुरुवात कीटकनाशकाच्या डब्यावरील चार रंगांपासून व्हावी, कारण तेथे रंगाचा चुकीचा अर्थ लागला तर माणसाचा जीव जाऊ शकतो.