निर्वात विलेपनातील विद्युत् प्रज्योत : शमन आणि प्रतिबंध यांतील भेदाची चिकित्सा

प्रास्ताविक

निर्वात कक्षात धातूचे अथवा ऑक्साइडाचे तनुपटल तयार करण्याच्या स्पटरिंग पद्धतीविषयी गेल्या अर्धशतकात विपुल लेखन झाले आहे. यंत्रासमोर बसणाऱ्या प्रत्येकाला परिचित असलेल्या एका घटनेची दखल मात्र या लेखनात बहुधा ओझरतीच घेतली जाते. टार्गेटवर एकाएकी लखलखीत पांढरा ठिपका उमटतो, व्होल्टमापकावरील आकडा कोसळतो आणि क्षणार्धात सारे पूर्ववत होते. प्रयोगशाळेच्या बोलीत आपण याला 'आर्क मारला' असे म्हणतो. परिभाषेत ही विद्युत् प्रज्योत होय. प्रस्तुत लेखात या विषयावरील दोन महत्त्वाच्या लेखांच्या आधारे एक मुद्दा मांडावयाचा आहे. प्रज्योत पेटल्यावर ती विझविणे आणि ती पेटूच न देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तनुपटलांविषयीच्या लेखनात त्यांची सर्रास गल्लत होते आणि त्या गल्लतीची किंमत संशोधनाच्या विश्वासार्हतेला मोजावी लागते.

पदार्थविज्ञानेतर शाखांच्या वाचकांसाठी प्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. कक्षातील हवा काढून टाकून सुमारे अर्धा पास्कल दाबाचा आर्गॉन वायू आत सोडतात आणि टार्गेटला काही शेकडो व्होल्टांचा ऋण विभव देतात. आर्गॉनचे धन आयन टार्गेटवर आदळतात, त्याचे अणू उडवितात आणि ते अणू समोरच्या काचेवर वा सिलिकॉनवर जाऊन बसतात. टार्गेटमागील चुंबकांमुळे इलेक्ट्रॉन पृष्ठभागाजवळच घोटाळत राहतात व प्रक्रिया वेगवान होते. हाच मॅग्नेट्रॉन. आर्गॉनबरोबर ऑक्सिजन सोडला तर ॲल्युमिनियमच्या टार्गेटपासून ॲल्युमिनियम ऑक्साइडाचे पटल मिळते. खरी अडचण येथे उद्भवते, कारण ऑक्साइड केवळ काचेवर बसत नाही, ते टार्गेटवरही बसते.

केली व आर्नेल यांची मांडणी

सॅलफर्ड विद्यापीठातील पी. जे. केली आणि आर. डी. आर्नेल यांचा मॅग्नेट्रॉन स्पटरिंगवरील आढावा 'व्हॅक्यूम' या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडील शोधप्रबंधांच्या दुसऱ्या प्रकरणात तो हमखास उद्धृत होतो, आणि तशी त्याची योग्यताही आहे. एकदिश विद्युत्प्रवाहाने ऑक्साइडाचे पटल बनविताना प्रज्योती का उद्भवतात आणि स्पंदित पुरवठ्याने त्या कशा आटोक्यात येतात, हे त्यांनी अत्यंत स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. टार्गेटच्या ज्या भागावर आयनांचा मारा कमी असतो तेथे निरोधक थर साचतो. त्यावर आयनांचा धन भार जमत जातो. थर म्हणजे जणू एक धारित्र बनतो आणि सहनशक्ती संपली की तो फुटतो. मात्र विभवाची दिशा सेकंदाला १० हजार ते २ लाख वेळा क्षणभर उलटविली, तर त्या अवधीत चपळ इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर येऊन धन भार नाहीसा करतात आणि फुटण्याची वेळच येत नाही.

ही वारंवारता कोठून येते याचे गणित पदवी वर्गातही सहज करून दाखविता येईल. थर फुटण्यास लागणारा काळ म्हणजे त्याची विद्युत्पारगम्यता गुणिले भंजन क्षेत्र, भागिले प्रवाहघनता. ॲल्युमिनियम ऑक्साइडाची सापेक्ष पारगम्यता ९ धरली, भंजन क्षेत्र दर सेंटीमीटरला १० लाख व्होल्ट धरले आणि प्रवाहघनता दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिअँपिअर धरली, तर उत्तर येते सुमारे ८० मायक्रोसेकंद. म्हणजेच सुमारे १२ किलोहर्ट्झच्या वर भंजन टळावे. प्रवाहघनता चौपट केली तर काळ २० मायक्रोसेकंदांवर येतो आणि वारंवारता ५० किलोहर्ट्झवर जाते. या गणितात थराची जाडी येतच नाही, कारण जाडीबरोबर थरावरील व्होल्टता आणि सहन होणारी व्होल्टता दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात.

गणित सुबक आहे, आणि त्याच्या सुबकपणातच धोका आहे. थराच्या पृष्ठभागावरील विभव वाढून वाढून किती वाढेल? टार्गेट आणि प्लाझ्मा यांमधील विभवांतराहून अधिक नव्हे, कारण पृष्ठभाग प्लाझ्माच्या विभवाजवळ पोहोचू लागला की आयनांचा ओघच ओसरतो. हे अंतर ४०० व्होल्ट मानले, तर वरील भंजन क्षेत्रानुसार ४ मायक्रोमीटरहून जाड आणि निर्दोष थर आरपार फुटावयास नको. प्रत्यक्षात जुन्या, कडांवर जाड पांढरट थर साचलेल्या टार्गेटवर प्रज्योती अधिक दिसतात. त्या उमटतात त्या थराच्या शिवेवर, जेथे निरोधक पृष्ठ आणि उघडा धातू एकमेकांस भिडतात, किंवा थराला तडे गेले आहेत तेथे. एकसंध धारित्राच्या प्रतिमानात या शिवेला जागा नाही. आढाव्यातील विवेचन चूक आहे असे नव्हे. परंतु त्याचे अनुयायी 'स्पंदित पुरवठा वापरला, सबब प्रज्योती नव्हत्या' असा जो निष्कर्ष काढतात, तो मूळ मांडणीतून निघत नाही.

आंद्रे आंडर्स यांचा भौतिकीय दृष्टिकोन

लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील आंद्रे आंडर्स यांचा 'थिन सॉलिड फिल्म्स'मधील २००६ चा लेख आपल्याकडे तुलनेने कमी वाचला गेला. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अधिक मूलगामी आहे. प्रज्योत हा पुरवठ्यातील बिघाड नसून विद्युत् विसर्जनाची एक स्वतंत्र अवस्था आहे, हा त्याचा गाभा. स्पटरिंगच्या शांत, दीप्त विसर्जनात आयन एकेकटे आदळतात आणि इलेक्ट्रॉनही एकेकटेच बाहेर पडतात. म्हणून ते विसर्जन टिकविण्यास शेकडो व्होल्ट लागतात. प्रज्योतीत इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन सामुदायिक होते. काही मायक्रोमीटरांच्या ठिपक्यात प्रवाह एकवटतो, धातू वितळतो, बाष्परूप होतो आणि स्वतःच प्लाझ्मा पुरवितो. मग ५० व्होल्टांहून कमी विभव पुरतो. वितळलेल्या धातूचे थेंब उडून पटलावर बसतात ते याच वेळी. याच अवस्थेचा हेतुपुरस्सर उपयोग करून कर्तन हत्यारांवर टायटॅनियम नायट्राइडाचा सोनेरी लेप चढविला जातो, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांना सांगत नाही. सांगितली तर 'आर्क म्हणजे दोष' ही समजूत आपोआप सैल होईल.

या दृष्टीने पाहिले म्हणजे पेटण्यास कारण लागते ते विशिष्ट स्थानी एकवटलेले तीव्र विद्युत् क्षेत्र. ते भारित थराच्या भंजनातून येईल, तसेच शुद्ध धातूच्या टार्गेटवरील सूक्ष्म उंचवट्यातून, आतील अशुद्ध कणातून, पोकळीतून किंवा कक्षाच्या भिंतीवरून सुटून पडलेल्या पापुद्र्यातूनही येईल. स्पंदित पुरवठा यांतील पहिल्या कारणावर उपाय आहे, उरलेल्यांवर नाही. त्यांच्यासाठी उपाय अगदी साधे, म्हणूनच लेखनात न येणारे आहेत. भरीव, उच्च घनतेचे टार्गेट हवे. नवे टार्गेट कमी शक्तीवर सुरू करून हळूहळू चढवावयास हवे. पापुद्रे धरण्यापूर्वी आवरणे खरवडून स्वच्छ करावयास हवीत, कक्षातील ओल काढण्यास पुरेसा वेळ द्यावयास हवा, आणि टार्गेटभोवतीच्या भूसंपर्कित ढालीतील फट दोन-तीन मिलिमीटरच ठेवावयास हवी, म्हणजे तिच्यात विसर्जन टिकू शकणार नाही. ऑक्सिजनचा ओघ प्लाझ्माच्या प्रकाशावरून नियंत्रित करणे आणि दोन टार्गेटे आळीपाळीने ऋणाग्र-धनाग्र म्हणून चालविणे हे खर्चिक, पण तितकेच मुळावर घाव घालणारे उपाय.

शमनाचे मोल आणि मर्यादा

शमनाची उपयुक्तता कोणी नाकारू नये. पुरवठ्याच्या टोकाशी १ मायक्रोफॅरडचे धारित्र ५०० व्होल्टांना भारित असेल, तर प्रज्योत पेटताच ०.१२५ ज्यूल ऊर्जा त्या सूक्ष्म ठिपक्यात ओतली जाते. आधुनिक पुरवठ्यांत ही साठवण अत्यल्प ठेवतात आणि काही मायक्रोसेकंदांत प्रवाह तोडतात. मग मुख्यतः केबलमधील ऊर्जा उरते. १० मायक्रोहेन्री प्रवर्तन आणि २० अँपिअर प्रवाह असता ती २ मिलिज्यूल भरते, म्हणजे साठाहून अधिक पटींनी कमी. केबल आखूड ठेवावी, जाणाऱ्या व येणाऱ्या तारा एकमेकींना लगटून न्याव्यात, ही सूचना एवढ्याचसाठी.

परंतु शमनाच्या भाषेने आणलेला एक दोष गंभीर आहे. पुरवठ्याच्या पडद्यावर 'प्रति सेकंद आर्क' असा आकडा दिसतो आणि निबंधांत तो मोजमाप म्हणून छापला जातो. हा आकडा टार्गेटचे वर्तन जितके सांगतो, तितकेच पुरवठ्याच्या सेटिंगविषयीही सांगतो. व्होल्टता किती खाली आली, प्रवाह किती वर गेला आणि ही स्थिती किती काळ टिकली म्हणजे 'आर्क' मोजावयाचा, याची सीमा वापरकर्ता ठरवितो. सीमा सैल ठेवली की प्रज्योती 'कमी' होतात. ही सीमा नमूद न करता दिलेल्या संख्यांची तुलना करणे म्हणजे वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांनी चाळलेल्या वाळूची तुलना करण्यासारखे आहे.

आपल्या संशोधनलेखनाचा संदर्भ

महाराष्ट्रातील विद्यापीठांत तनुपटलांवर पुष्कळ काम होते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींची सशक्त परंपरा आहे. त्या पद्धतींत द्रावणाचे तापमान, सामू, कालावधी यांची काटेकोर नोंद करण्याची शिस्त दिसते. स्पटरिंगकडे वळताच मात्र ही शिस्त विरळ होते. वाचनात येणाऱ्या बहुतेक प्रबंधांत शक्ती, दाब, वायूंचे प्रमाण आणि कालावधी एवढीच चौकट असते. टार्गेट किती तास वापरलेले होते, ते पूर्वी कोणत्या वायूत चालविले होते, स्पंदनाची वारंवारता व उलट अवधी किती, शमनाची सीमा कोणती, यांविषयी मौन. पटलात सूचिछिद्रे आढळली तर दोष काचेच्या स्वच्छतेवर ढकलला जातो.

याचा परिणाम निरोधक पटलांच्या मापनात सर्वांत स्पष्ट दिसतो. धातू-ऑक्साइड-धातू अशी लहान धारित्रे बनवून भंजन क्षेत्र मोजतात. प्रज्योतीचा थेंब जेथे पडला तेथील धारित्र आरंभीच लघुपरिपथित निघते, ते 'सदोष' म्हणून बाजूला ठेवले जाते आणि उरलेल्यांची सरासरी छापली जाते. वीसपैकी किती बाजूला ठेवली हे तक्त्यात नसते. वस्तुतः प्रक्रियेविषयी सर्वाधिक माहिती त्या टाकून दिलेल्या नमुन्यांत असते. त्यांचे प्रमाण टार्गेटच्या वयानुसार वाढते का, एवढा एक आलेख कोणत्याही एम.फिल. पातळीवरील प्रबंधात नव्या उपकरणाविना काढता आला असता. तो क्वचितच काढला गेला, कारण मार्गदर्शकाला 'चांगले' नमुने हवे असतात आणि परीक्षक टाकलेल्यांविषयी विचारत नाही.