लांब नाक, आखूड शेपूट

डॅटसन २४०झेड आधी समोरून बघू नये. तिच्या कडेला, दाराच्या रेषेत आठ-दहा पावलं लांब उभं राहावं आणि पुढच्या बंपरपासून नजर सावकाश मागे न्यावी. बॉनेट लवकर संपत नाही. पुढच्या चाकावर मडगार्ड हलकेच फुगतं, मग शांत होत दाराकडे येतं. समोरची काच सुरू होईपर्यंत गाडीची जवळजवळ निम्मी लांबी सरलेली असते. मग छोटंसं टप, आणि तिथून जे छत उतरायला लागतं ते मध्ये एकही पायरी न घेता थेट शेपटाच्या कडेपर्यंत. चालक बसतो तो मागच्या चाकांना जवळजवळ पाठ टेकून.

एवढं बघून झालं की आकडे बघावेत. लांबी साधारण ४.१ मीटर, रुंदी १.६३ मीटर, उंची १.२८ मीटर. म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या स्विफ्टपेक्षा ही गाडी फूटभरही लांब नाही, रुंदीला तर कमीच आहे. डोळ्यांना मात्र ती ऐसपैस, लांबलचक वाटते. जॅग्वार ई-टाईपची आठवण सगळ्यांनाच होते, आणि ती खोटी नाही. पण ई-टाईप खरोखरच लांब आहे. झेडची लांबी हा प्रमाणांचा खेळ आहे. टप जितकं मागे ढकललं, तितकं नाक लांब भासतं, आणि शेपूट जितक्या झटकन कापलं, तितकी गाडी पुढे झेपावल्यासारखी दिसते.

हा खेळ मांडणारा माणूस योशिहिको मात्सुओ. १९६० साली तो डॅटसन बनवणाऱ्या निस्सान कंपनीत आला आणि दशकाच्या मध्यावर स्पोर्ट्स गाड्यांचा छोटा स्टुडिओ त्याच्याकडे आला. कंपनीच्या लेखी हा विषय किरकोळच होता. खरा पैसा ब्लूबर्ड, सनी यांसारख्या घरगुती गाड्यांत होता. निस्सानच्या त्याआधीच्या फेअरलेडी स्पोर्ट्स गाड्या उघड्या, ब्रिटिश वळणाच्या, अरुंद होत्या. सगळा भार पेलणारी लोखंडी चौकट खाली आणि वर बॉडी, अशी त्यांची जुनी रचना. मात्सुओला यातलं फारसं काही पुढे न्यायचं नव्हतं. सुरुवातीच्या आराखड्यांत उघडी गाडीही होती, पण अमेरिकेत सुरक्षेचे नियम कडक होत चालले होते आणि उघड्या गाड्यांवर गदा येईल अशी भीती सगळ्या कंपन्यांना वाटत होती. गाडी विकायची होती ती अमेरिकेत. म्हणून टप आलं. एका नियमाच्या धास्तीनं आलेल्या त्या टपामुळेच आज आपण या गाडीच्या पाठीच्या उताराबद्दल बोलू शकतो.

मला ही गाडी आवडते ती नेमकी इथे. तिच्यातली बहुतेक सुंदर ठिकाणं कुणी निवांत बसून सुंदर म्हणून काढलेली नाहीत. कुठे कायदा आडवा आला, कुठे खर्च परवडेना, कुठे इंजिन मावेना, आणि त्या प्रत्येक घासाघिशीनंतर मात्सुओच्या टोळीनं रेषा अशी काही वळवली, की अडचण तिथेच मुक्कामाला आली असावी असं वाटू लागलं.

हेडलाईट घ्या. मडगार्डाच्या टोकाशी खोल खोबण आहे आणि तिच्या आत, बराच मागे, देवळीतल्या पणतीसारखा गोल दिवा बसवलेला आहे. काच चढवून ही खोबण बंद केली असती तर नाकाची रेषा अखंड धावली असती, आणि जपानमध्ये तशी पारदर्शक झाकणं मिळतही. पण अमेरिकेत दिव्यावर काच चालत नव्हती. खुद्द ई-टाईपलाही तिची झाकणं काढून टाकावी लागली. दुसरा मार्ग होता बटण दाबलं की वर येणाऱ्या दिव्यांचा. टोयोटा २०००जीटीनं तो धरला. पण ती गाडी साडेतीनशेच्या आसपास बनली, तिचा खर्च निराळा, गिऱ्हाईक निराळं. झेडमध्ये दिवा साधा, गोल, कुठल्याही दुकानात मिळणारा ठेवला आणि फक्त मागे सरकवला. मडगार्ड चढतं असल्यानं मागे सरकलेला दिवा आपोआप जमिनीपासून उंचही होतो. उन्हात त्या खोबणीत सावली साचते आणि चेहऱ्याला नजर येते. झाकण घातलेली झेड वाऱ्याला बरी असेल. बघायला ती मला जराशी गुळगुळीत वाटते.

बॉनेटच्या मधोमध एक उंचवटा काचेकडून नाकापर्यंत निमुळता होत जातो. खाली आहे २३९३ सीसीचं, सहा सिलिंडरांचं एल२४ इंजिन. याची गंमत अशी, की ५१० या साध्यासुध्या डॅटसन सेडानमध्ये जे १६०० सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन होतं, त्याच मापाचे आणखी दोन सिलिंडर जोडले की हे तयार होतं. सिलिंडरचा व्यास तोच, ८३ मिलिमीटर. दट्ट्याची धाव तीच, ७३.७ मिलिमीटर. नवं इंजिन घडवण्याचा खर्च वाचला, पण या इंजिनाला बॉनेटखाली जागा हवी होती. ती जागा म्हणजे हा उंचवटा. सपाट बॉनेटवर तो नसता तर एवढा मोठा पत्रा उघडाबोडका दिसला असता.

आता मागच्या खांबाकडे या. कडेची छोटी काच जिथे मागे टोकदार होत वर जाते आणि छताची उतरती रेषा जिथे तिला भेटायला येते, ती या गाडीतली सर्वांत देखणी जागा आहे असं माझं मत. लोक नाकावर भाळतात; मी इथे थांबतो. काचेखालची रेषा दारापर्यंत सरळ येते आणि मागच्या चाकावर अचानक उचलली जाते. चाकावरचा पत्रा फुगतो, गाडीला कंबर मिळते. आणि काचेच्या मागे, रुंद खांबावर, एक गोल बिल्ला: वर्तुळात झेड. चाहत्यांच्या टोप्यांवर, किल्लीच्या साखळ्यांवर हेच चिन्ह असतं. पण अगदी पहिल्या गाड्यांवर तो गोल नव्हता. तिथे नुसती २४०झेड अशी अक्षरं होती, आणि केबिनमधली हवा बाहेर टाकणाऱ्या दोन काळ्या आडव्या जाळ्या मागच्या दरवाजावर, काचेखाली. धावत्या गाडीमागे हवा उलटी फिरते आणि धूर त्या वाटेनं आत यायला लागला. १९७१ मध्ये जाळ्या काढल्या, हवेची वाट खांबावर नेली आणि ती झाकायला गोल बिल्ला बसवला. म्हणजे जगभर मिरवलं जाणारं हे चिन्ह मुळात धुराच्या तक्रारीवरचा उतारा आहे.

आत बसलं की समोर दोन खोल नळकांड्यांत वेग आणि फेऱ्यांची घड्याळं, आणि डॅशबोर्डच्या मध्यावर चालकाकडे मान वळवून बसलेली आणखी तीन. त्यांतलं एक खरंच घड्याळ आहे. इंजिनाच्या मागचा बोगदा चौकटी शिवणीच्या ठशाच्या काळ्या रेक्झिननं मढवलेला. स्टिअरिंगचं कडं बारीक, लाकडाचा भास देणारं, आऱ्यांना भोकं पाडलेली. कातडं नाही, क्रोमचा सोस नाही. सगळा पैसा आकारावर खर्च केलेला आणि कापडचोपडावर हात आखडता घेतलेला. हा डॅशबोर्ड उन्हानं तडकतो, हे प्रत्येक जुन्या झेडच्या मालकाला ठाऊक असतं, आणि पत्रा तर असा गंजतो की बॅटरीखालची जागा न बघता ही गाडी विकत घेऊ नये असं जाणकार सांगतात. सौंदर्याचं कौतुक करताना हेही लिहून ठेवलेलं बरं.

टोकियोत मात्सुओ, तसा लॉस एंजेलिसमध्ये युताका कातायामा. अमेरिकेतल्या निस्सानचा हा प्रमुख. तिथले लोक त्याला मिस्टर के म्हणत. अमेरिकन माणसाचे पाय किती लांब असतात, त्याला किती पैसे मोजायला जड जात नाही, आणि त्याला गाडीतून उतरून मागे वळून बघायला का आवडतं, हे त्याला नेमकं कळलं होतं. गाडीचं नाव मात्र कंपनीनं ठरवलं होतं: फेअरलेडी झेड. ब्रॉडवेवरचं ‘माय फेअर लेडी’ बघून खूश झालेल्या अध्यक्ष कावामातांनी पूर्वीच्या गाड्यांना दिलेलं ते नाव. अमेरिकेत स्पोर्ट्स गाडी या नावानं विकली जाणार नाही, याची कातायामाला खात्री होती. त्यानं गाड्या आल्या तशा त्यांच्यावरची नावं उतरवली आणि २४०झेड लावलं. किंमत ३,५२६ डॉलर, ई-टाईपपेक्षा कितीतरी कमी. गाड्यांसाठी रांगा लागल्या. १९६९ ते १९७८ या काळात या पहिल्या पिढीच्या झेड पाच लाखांहून जास्त बनल्या. या बाबतीत कातायामाला रसिक म्हणायलाही माझी हरकत नाही: लांब, पसरट नावापेक्षा एक आकडा आणि एक अक्षर त्या आकाराला जास्त शोभतं.

मग ही गाडी काढली कुणी, यावर वाद का व्हावा? पण झाला, आणि बरीच वर्षं चालला. बीएमडब्ल्यू ५०७ घडवणारा आल्ब्रेख्त ग्योर्ट्झ हा जर्मन-अमेरिकन डिझायनर साठच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात निस्सानचा सल्लागार होता. निस्सानच्या पहिल्या सिल्व्हिया या गाडीच्या कामात त्याचा हात होता, आणि यामाहासोबतच्या एका अर्धवट राहिलेल्या स्पोर्ट्स गाडीतही. झेडवर खरं काम सुरू होण्याआधी तो निघून गेला होता. तरी पाश्चात्त्य पुस्तकांत, मासिकांत झेडचा जनक म्हणून त्याचंच नाव छापलं जात राहिलं, आणि त्यानं ते नाकारलं नाही, उलट दावा सांगितला. शेवटी १९८० मध्ये निस्साननं त्याला पत्र दिलं: झेड तुम्ही काढलेली नाही, मात्र ती काढणाऱ्यांवर तुमच्या इथल्या कामाचा प्रभाव होता, अशा आशयाचं. वकिली सभ्यतेचा नमुना. इतका सुडौल आकार जपानी हातातून आपसूक उतरला असेल, हे मानायला तेव्हा कुणाचीच तयारी नव्हती, एवढंच त्यातून मला दिसतं.

कागदपत्रं बाजूला ठेवली तरी दोन गाड्या शेजारी उभ्या करून बघाव्यात. सिल्व्हियाच्या कडा धारदार, पत्र्यांचे सांधे हातानं घासून जवळजवळ नाहीसे केलेले. अशा ५५४ गाड्या बनल्या. झेडमध्ये सांधे सरळ दिसतात. पुढची मडगार्डं वेगळी, बोल्टनं धरलेली. हेडलाईटची खोबणही वेगळा तुकडा. हिरात्सुकाच्या कारखान्यात दर महिन्याला हजारोंनी ठोकून काढता येईल, अपघात झाला तर एकच तुकडा बदलता येईल, असा विचार या आकाराच्या पोटात आहे. ज्याला साच्याची, प्रेसची, गॅरेजची भाषा येते त्यानं ती काढली आहे. आणि एकट्यानंही नाही: मात्सुओबरोबर आकियो योशिदा, एइइची ओइवा आणि इतरही होते.

दिखाऊपणाचा आरोप या गाडीवर फार काळ टिकला नाही, त्याला आफ्रिकेतला चिखल कारण. १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली एडगर हेरमानानं २४०झेडमधून जिंकली. १९७३ मध्ये तीच रॅली जिंकली शेखर मेहता यानं, पुन्हा २४०झेडमधूनच. युगांडातल्या भारतीय कुटुंबातला हा मुलगा. तिथल्या हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं तेव्हा वर्षभरापूर्वीच हे कुटुंब केनियात आलं होतं. दुसऱ्या एका डॅटसनमधल्या स्वीडिश हॅरी केलस्ट्रोमचे आणि त्याचे दंडाचे गुण सारखेच भरले. जास्त अंतर दंडाशिवाय कुणी कापलं यावर निकाल लागला. त्या गाड्यांचे फोटो बघावेत: पुढे जास्तीचे दिवे, कडेला लाल माती, आणि तरी नाकाची रेषा ओळखू येते.

उतरती कळाही रेषेतच वाचता येते. १९७४ मध्ये आलेल्या २६०झेडच्या चार आसनी आवृत्तीत चाकांमधलं अंतर ३०० मिलिमीटरनं वाढवलं. मागे दोन मुलं बसावीत म्हणून टप लांबवलं आणि छताचा तो उतार मध्येच पाठ ताठ करून उभा राहिला. आकडा किरकोळ वाटतो, पण मागच्या खांबावरची ती भेट चुकली ती चुकलीच. पुढे अमेरिकन नियमांपायी जाडजूड बंपर आले, वजन वाढलं. हीसुद्धा कायद्याशी घासाघीसच होती. फक्त या वेळी कुणी दिवा मागे सरकवला नाही, पुढे लोखंड लावलं.

२०२२ पासूनच्या नव्या झेडमध्ये निस्साननं जुन्या गाडीचा अभ्यास करून काही गोष्टी उचलल्या आहेत. दिव्यांतले प्रकाशाचे दोन कमानदार पट्टे जुन्या झाकणबंद दिव्यांवरच्या चमकेवरून घेतलेले आहेत. छताचा उतार शेपटाकडे खाली झुकतो, तो मला मनापासून आवडला. समोरचं चौकोनी तोंड मात्र फार मोठं आहे. चारशे अश्वशक्तीच्या इंजिनाला हवा लागते हे मान्य करूनही मोठंच. खांबावर गोल बिल्लाही आहे. त्याच्या मागे आता हवेची वाट नाही.