परीक्षेबाहेरची विलायत

परदेशी शिकून आलेल्या माणसाचे आत्मचरित्र हाती घेतले की बहुतेक वाचक एका प्रकरणाची पाने भरभर उलटतात. बालपण ते सावकाश वाचतात, कारण त्यात घर असते. पुढचे सार्वजनिक कार्य आदराने वाचतात, कारण त्यासाठीच पुस्तक घेतलेले असते. या दोहोंच्या मध्ये लंडन किंवा केंब्रिज येते. तेथील खेळ, नाच, वादसभा, जेवणावळी, सुट्टीतील भटकंती यांना वाचक तारुण्याची हौस समजतो, आणि पुष्कळदा लेखकही तसेच समजून लिहितो. प्रस्तुत लेखाचा पक्ष असा आहे की, हीच पाने अशा आत्मचरित्राची खरी कसोटी होत. अभ्यास देशात केला काय किंवा परदेशात केला काय, त्याला पुस्तके आणि दिवा पुरतो. परका समाज माणसाला आत घेतो की उंबरठ्यावर उभा ठेवतो, आणि आत गेलेला माणूस तेथे कोण होऊन बसतो, हे अभ्यासाची खोली सोडल्यावर कळते.

मराठी मनाला ही पाने फारशी मोलाची वाटत नाहीत. आपल्या घरांतून विलायतेच्या गोष्टी सांगितल्या जातात त्या बहुधा परीक्षेच्या निकालाच्या. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने सीनिअर रँग्लर ठरले, आणि तो बहुमान त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. 'रँग्लर परांजपे' असे म्हणताना कोकणातील मुर्डीच्या या मुलाने केंब्रिजमधल्या संध्याकाळी कशा घालविल्या, हा प्रश्न आपल्याला सहसा सुचत नाही. मौज अशी की, परांजप्यांनी १९६१ मध्ये इंग्रजीतून आत्मचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्याला नाव दिले ते धावफलकावरचे : 'चौऱ्याऐंशी, नाबाद'. गणितज्ञाने आपल्या आयुष्याची बेरीज मांडली ती क्रीडांगणाच्या भाषेत! त्या नावातच, परीक्षेबाहेरही काही घडले होते याची कबुली आहे. आपण मात्र त्यांचा निकाल तेवढा पाठ केला.

या दृष्टीने पाहता तीन प्रसिद्ध आत्मचरित्रे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले, जवाहरलाल १९०५ मध्ये हॅरोला व पुढे केंब्रिजला, सुभाषचंद्र १९१९ मध्ये केंब्रिजला. तिघांचा काळ वेगळा, घर वेगळे, खिसा वेगळा. अभ्यासाविषयी तिघेही थोडेच सांगतात. अभ्यासाबाहेरच्या आयुष्याविषयी मात्र प्रत्येकजण आपल्या स्वभावाला अनुसरून साक्ष देतो.

'सत्याचे प्रयोग' मधील साक्ष हिशेबनिसाची आहे. सभ्य गृहस्थ होण्याच्या नादात किती पैसे गेले ते गांधीजी रकमेनिशी नोंदवितात. एकोणीस शिलिंगांची उंच टोपी, बाँड स्ट्रीटवर शिवविलेला दहा पौंडांचा संध्याकाळचा पोशाख, नाचाच्या वर्गाची तीन पौंड फी. सुमारे तीन आठवड्यांत सहा धडे झाले; पियानोचा ताल कळेना व पाय जुळेनात. मग कान तयार व्हावा म्हणून व्हायोलिन, मग वक्तृत्वाचा शिक्षक. सुमारे तीन महिन्यांनी हा मोह ओसरला. खेळांविषयी तर ते आधीच सांगून टाकतात, की राजकोटच्या शाळेत सक्तीचे क्रिकेट आणि कसरत त्यांना नकोशी होती. व्यायामालाही बौद्धिक शिक्षणाइतकेच स्थान असावे, हे मत नंतरचे. लंडनमध्ये त्यांची क्रीडा म्हणजे चालणे : दिवसाकाठी आठदहा मैल.

ही पाने विनोदी म्हणून नावाजली जातात, आणि ती विनोदी आहेतही. परंतु टीकाकाराने येथे एक उणीव दाखविली पाहिजे. ज्या समाजात शिरण्यासाठी नाच शिकायचा, तो समाज या पानांत कोठेच नाही. शिक्षक आहे, शिंपी आहे, आरसा आहे. सोबत नाचणारे कोणी नाही. सगळे नाट्य एका तरुणाच्या मनात घडते व तेथेच त्याचा निकाल लागतो. खरा समाज भेटतो तो पुढे, शाकाहारी मंडळाच्या प्रकरणात. तेथे परका विद्यार्थी कार्यकारी समितीवर बसतो, मतभेद होतो तेव्हा आपले म्हणणे लिहून नेतो, आणि उभे राहून वाचण्याचा धीर न झाल्याने ते दुसऱ्याकडून वाचवून घेतो. नाचाच्या वर्गाने जे दार उघडले नाही ते मिताहारी, थोड्याशा विक्षिप्त इंग्रजांच्या मंडळाने उघडले. वाङ्मयदृष्ट्या हे प्रकरण टोपीच्या प्रकरणाहून सरस आहे, कारण त्यात दुसरी माणसे आहेत.

जवाहरलालांची साक्ष याच्या उलट टोकाची. त्यांच्या घरी पैसा होता, आणि हॅरोतून ट्रिनिटी कॉलेजात जाणाऱ्याला सभ्य गृहस्थ होण्याची शिकवणी लागत नव्हती. अभ्यास, खेळ आणि करमणूक यांनी दिवस भरलेले होते, हे ते आढेवेढे न घेता सांगतात. लंडनमधील पुढच्या वर्षांतल्या पोकळ चैनीबद्दल स्वतःला टोचूनही घेतात. हे आत्मचरित्र १९३४-३५ मध्ये तुरुंगात लिहिले गेले, हे येथे विसरता कामा नये. भिंतींच्या आत बसलेला माणूस मोकळ्या दिवसांकडे पाहतो तेव्हा त्याला त्यांचा हेवाही वाटतो आणि किंचित शरमही. त्या पानांची गोडी या मिश्रणात आहे.

त्यांतील दोन तपशील मला फार बोलके वाटतात. ट्रिनिटीत 'मॅगपाय अँड स्टंप' नावाची वादसभा होती. सबंध सत्रात जो सभासद एकदाही बोलणार नाही त्याला दंड, असा तिचा नियम. पुढे लाखोंच्या सभा ज्यांनी गाजविल्या, त्या जवाहरलालांनी हा दंड अनेकदा भरला. दुसरा तपशील १९१० मधील नॉर्वेच्या प्रवासातला. डोंगरातून पायी चालून थकल्यावर ते व एक इंग्रज तरुण हिमनदीतून येणाऱ्या ओढ्यात स्नानाला उतरले. थंडीने अंग बधिर झाले, पाय निसटला, आणि जवाहरलाल प्रवाहाबरोबर वाहू लागले. सोबत्याने काठावर चढून, धावत जाऊन, त्यांचा पाय पकडून त्यांना ओढून काढले. दोनतीनशे यार्डांवर ओढा कड्यावरून कोसळत होता. हा सोबती पुस्तकात निनावीच राहतो. सात वर्षांच्या वास्तव्याच्या या वर्णनात एकही इंग्रज मित्र चेहऱ्यामोहऱ्याने उभा राहू नये, आणि ज्याने जीव वाचविला त्यालाही नाव मिळू नये, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मेळ होता, स्नेहही असेल. पण तो कथनात उतरण्याइतका खोल गेला नाही. लेखक तसे म्हणत नाही. त्याच्या गद्यातून ते कळते.

तिसऱ्या पुस्तकाकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा उलगडा केला पाहिजे. त्या काळी इंग्लंडात विद्यार्थ्याचा खेळ हा खाजगी मामला नव्हता. तो अधिकाराच्या वाटेवरचा एक नाका होता. रणजितसिंहजींना १८९२ मध्ये केंब्रिजच्या संघात जागा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी, त्याच कर्णधाराच्या कारकीर्दीत, ती मिळाली, आणि विद्यापीठाचा क्रिकेटमधील 'ब्लू' मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. तो कर्णधार म्हणजे एफ. एस. जॅक्सन, जो १९२७ मध्ये बंगालचा गव्हर्नर होऊन आला. मैदानावर निवड करणारे हात आणि प्रांतावर राज्य करणारे हात एकच होते, याहून स्पष्ट उदाहरण ते कोणते?

अरविंद घोषांचे उदाहरण आपणा नोकरदारांना अधिक जवळचे आहे. १८९० मध्ये ते आय. सी. एस.ची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात उमेदवारीची दोन वर्षे काढली. आणि १८९२ मध्ये घोडेस्वारीच्या परीक्षेत अडकून नोकरीला मुकले. ग्रीक आणि लॅटिनमध्ये निष्णात असलेला तरुण घोड्यावर बसून दाखवीना, म्हणून साम्राज्याच्या कामाचा राहिला नाही. त्या नोकरीची ओढ नसल्याने आपण होऊनच हे घडू दिले, असे त्यांनी पुढे सांगितले. १८९३ मध्ये ते बडोद्यास गायकवाड सरकारच्या सेवेत आले. त्याच वर्षी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांची काँग्रेसवर कठोर टीका करणारी लेखमाला सुरू झाली, ती तेथे संपादन करणाऱ्या केशवराव देशपांड्यांमुळे. देशपांडे त्यांचे केंब्रिजचे स्नेही. पुढे तेही बडोद्याच्या सेवेत आले. बंगाली आणि मराठी तरुणांची ही मैत्री कॅम नदीच्या काठी जुळली आणि मुंबईच्या छापखान्यात फळाला आली. ट्रायपॉसच्या निकालपत्रात तिची नोंद मिळणार नाही.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे सुभाषचंद्रांच्या पानांचे मोल कळते. 'एका भारतीय यात्रिका'चे हे अपुरे आत्मचरित्र १९३७ मध्ये ऑस्ट्रियातील बाडगाश्टाइन येथे लिहिले गेले. केंब्रिजमध्ये विद्यार्थ्याला मिळणारी मोकळीक त्यांना भारावून टाकते. युनियनच्या वादसभेत पार्लमेंटच्या सभासदांसमोरही विद्यार्थी बेधडक बोलतात, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही, हे ते मनापासून वाखाणतात. परंतु त्याच वातावरणात विद्यापीठाच्या लष्करी शिक्षण पथकात भारतीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. त्यांनी दाद मागितली तेव्हा इंडिया ऑफिसने युद्धखात्याकडे बोट दाखविले आणि युद्धखात्याने इंडिया ऑफिसकडे. अडचण कवायतीची नव्हती. पथकात तयार झालेला तरुण ब्रिटिश सैन्यात अधिकारपद मागू शकत होता, ही खरी अडचण होती.

दोन खात्यांतील ही टोलवाटोलवी वाचताना आपल्यापैकी कोणाला हसू येणार नाही? लेखनप्रकार पूर्ण ओळखीचा आहे. सुभाषचंद्रांचे वैशिष्ट्य असे की, ते स्तुती आणि तक्रार दोन्ही एकाच आवाजात सांगतात. मोकळीक खरी होती आणि मज्जावही खरा होता. एकाने दुसऱ्याला खोटे ठरविले नाही. गांधीजी स्वतःला तपासतात, जवाहरलाल स्वतःच्या मनःस्थितीला न्याहाळतात. सुभाषचंद्र नियम तपासतात. गोडीत त्यांचे गद्य जवाहरलालांच्या जवळपास येत नाही, विनोदात गांधीजींच्या नाही. तरीही परक्या देशातील विद्यार्थ्याचा समाजाशी आलेला संबंध कसा होता, हे कोणाला विचारावयाचे असेल तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ही थोर माणसे होती म्हणून त्यांच्या टोपीला आणि दंडाला अर्थ आला. सामान्य विद्यार्थ्याने आपल्या टेनिसची हकीकत कोणाला सांगावी? माझे उत्तर असे की, क्रम उलटा आहे. हे तपशील लिहिताना त्यांनी थोरपणाचा अंगरखा उतरवून ठेवला, म्हणून ती पाने टिकली. ज्याने आपला दंड, आपली फी आणि आपली मिटलेली दारे प्रामाणिकपणे नोंदविली, त्याचे पुस्तक सामान्य असूनही वाचनीय ठरेल. ज्याने केवळ पदव्या नोंदविल्या, त्याचे पुस्तक तो कितीही थोर असला तरी सेवापुस्तिकाच राहील.

हा मुद्दा या मासिकाच्या वाचकांपुढे मांडण्याचे कारण आहे. महाराष्ट्राबाहेर नेमणुकीवर राहणाऱ्यांना परक्या समाजातील संध्याकाळ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बॅडमिंटनच्या जोडीत कोण कोणाला बोलावतो, क्लबातील कोणत्या टेबलाशी खुर्ची सरकविली जाते, महाराष्ट्र मंडळाची पायरी आपण ओढीने चढतो की इतरत्र कोणी बोलाविले नाही म्हणून, हे प्रत्येकाला आतून ठाऊक असते. आपल्यापैकी पुष्कळजण निवृत्तीनंतर आठवणी लिहितात. त्यांत बदल्या असतात, वरिष्ठांचे शेरे असतात, एखादा पूर किंवा दुष्काळ असतो. संध्याकाळ मात्र क्वचितच असते. त्या लेखनाचा कोरडेपणा भाषेच्या उणिवेतून येत नाही. नोकरीला साजेल तेवढेच सांगावयाचे, या जुन्या सवयीतून तो येतो.

आता आपली मुले आणि मुली शिकण्यासाठी परदेशी जातात. घरी येणाऱ्या खुशालीत गुण असतात, हवामान असते, जेवणाची आबाळ असते. सुट्टीच्या दिवशी कोणाबरोबर खेळलात, कोणत्या संघात घेतले, कोठे नकार मिळाला आणि तो कसा पचविला, हे आपण विचारत नाही म्हणून तेही सांगत नाहीत. त्यांच्यापैकी कोणी उद्या मराठीत आत्मचरित्र लिहील. ते वाचताना मी निकालाचे पान शेवटी वाचीन. आधी पाहीन ते मैदानावर त्याच्याबरोबर कोण होते, आणि त्या सोबत्याला पुस्तकात नाव मिळाले आहे की नाही.